ओव्हल मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर?

दिवाळीत साताऱ्याकडच्या मामी आल्या होत्या. मुंबईची भुयारी मेट्रो बघायची त्यांची फार हौस. मेट्रो ३ चा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि आरेपासून कफ परेडपर्यंतची २७ स्थानकं जोडली गेली. मामींना आरेला गाडीत बसवलं आणि हुतात्मा चौकाला जमिनीवर काढलं. फ्लोरा फाउंटनचं कारंजं पाहिलं, शेतकरी-कामगारांच्या मशालीपुढे त्यांनी हात जोडले, आणि चालत चालत आम्ही ओव्हल मैदानाशी आलो. लोखंडी कुंपण, पलीकडे हिरवंगार मैदान, एकाच वेळी सात-आठ सामने चाललेले. मामी फाटकाशी थबकल्या.

"आत जाऊ देतात का गं? तिकीट असेल."

"तिकीट नाही मामी. सगळ्यांचंच आहे."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाच्या नावावर?"

वीस वर्षं मी चर्चगेटला उतरून हे मैदान ओलांडते आहे. तरी मला पटकन उत्तर देता आलं नाही. मेट्रोमुळे आता उपनगरांतून हजारो माणसं पहिल्यांदाच नुसतं फिरायला म्हणून फोर्टात येऊ लागली आहेत, आणि मामींचा प्रश्न त्यांतल्या अनेकांच्या मनात असणार. इथे काय आपलं, काय सरकारचं, काय खासगी? कुठे बसायचं, कुठे नाही, आणि हे ठरवतं कोण? त्याचं उत्तर जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडते आहे.

सात वेगळा, बारा वेगळा

मामींच्याच भाषेत सुरुवात करू. सातबारा म्हणजे दोन नमुने. सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर ते असतं, बारामध्ये तिच्यात पीक काय घेतलं ते. मालक एक आणि कसणारा दुसरा असं गावात सर्रास असतं, आणि सगळी भांडणं बहुधा याच फटीतून उगवतात.

मुंबई शहरात सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक असतं. सगळे त्याला प्रॉपर्टी कार्डच म्हणतात. पण तत्त्व तेच. कोणत्याही मोकळ्या जागेबद्दल चार प्रश्न वेगवेगळे विचारायचे. मालक कोण? कागदावर ती कशासाठी राखली आहे? प्रत्यक्षात तिथे काय चालतं? आणि झाडलोट, पाणी, कुंपण कोण बघतं?

ओव्हलपुरतं बोलायचं तर मालक राज्य सरकार. राखीव मैदान म्हणून. वापरणारे म्हणजे क्रिकेटची पोरं, सकाळी पळणारे, आणि मधल्या वाटेने चर्चगेटहून हायकोर्टाकडे निघालेले वकील, कारकून, पक्षकार. देखभालीत मात्र १९९० च्या दशकापासून आसपासच्या रहिवाशांच्या संघटनेचा मोठा वाटा आहे. मैदानाची दुर्दशा झाली होती, रहिवासी कोर्टापर्यंत गेले आणि पुढे देखभालीची जबाबदारीही त्यांनी अंगावर घेतली.

म्हणजे मामी, हे गायरान आहे. नाव सरकारचं, चरायचा हक्क गावाचा.

तोफेसाठी राखलेलं रान

शहराच्या ऐन मध्यात, जिथे जमिनीचा भाव आभाळाला भिडतो तिथे, ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदानं मोकळी राहिलीच कशी? कुणाला मुलांनी खेळावं असं वाटलं म्हणून राहिली नाहीत. तोफांसाठी राहिली.

आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो तो खरोखरच किल्ला होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीने वसाहतीभोवती तट बांधला. त्याला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. चर्च गेटमधून आत शिरलं की रस्ता सरळ सेंट थॉमस चर्चकडे जायचा, म्हणून ते नाव. तो दरवाजा आजच्या चर्चगेट स्टेशनाशी नव्हता. जिथे फ्लोरा फाउंटन आहे तिथे होता. त्यापुढे सगळं उघडं रान, आणि त्याच्या टोकाला समुद्र.

तटाबाहेर काही शे यार्डांपर्यंत घर, झाड, झोपडी काही उभं राहू द्यायचं नाही असा नियम होता. शत्रू चालून आला तर त्याला आडोसा मिळू नये आणि तोफेचा मारा सरळ जावा, एवढाच हेतू. १८०३ मध्ये फोर्टात भयंकर आग लागली, त्यानंतर हा पट्टा आणखी रुंदावला. त्याला एस्प्लनेड म्हणत. आता त्याचे तुकडे झाले आणि प्रत्येकाला वेगळं नाव मिळालं, पण मूळ कापड एकच.

तटाचा उपयोग संपल्यावर, १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तो पाडायला घेतला. तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि गिरण्यांची भूक भागवायला आपला कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. तटाच्या जागी आणि एस्प्लनेडच्या पूर्व कडेला हायकोर्ट, विद्यापीठ, सचिवालय, टपाल-तार कचेऱ्या अशी दगडी रांग उभी राहिली. कापसाच्या व्यापारात अफाट कमावलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं नाव दिलं: राजाबाई. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, खुद्द प्रेमचंद बुडाले. मनोरा मात्र पुरा झाला, १८७८ मध्ये.

या इमारतींची तोंडं पश्चिमेला आहेत, कारण समोर मैदान आणि त्यापलीकडे समुद्र होता. विसाव्या शतकात बॅकबेत भराव घालून समुद्र मागे ढकलला आणि त्या नव्या जमिनीवर १९३० च्या दशकात गोलाईच्या बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती आल्या. त्यामुळे आज ओव्हलच्या मध्यात उभं राहिलं की एका हाताला टोकदार कमानींचं एकोणिसावं शतक आणि दुसऱ्या हाताला इरॉससारख्या सिनेमागृहांचं विसावं शतक दिसतं. हे समोरासमोर बघणं जमतं ते मधे काही बांधलेलं नाही म्हणून. माझ्या मते फोर्टातली सर्वांत मोलाची वास्तू ही मधली रिकामी जागाच आहे.

तटाच्या खुणा मात्र नावांत राहिल्या. जहांगीर कलादालनासमोरच्या के. दुभाष मार्गाला जुनी माणसं अजून रॅम्पार्ट रो म्हणतात. रॅम्पार्ट म्हणजे तट.

बॅट की घोडा: पहिलं भांडण

जागा मोकळी झाली आणि लगेच ती कुणाची यावर वाद सुरू झाला. एस्प्लनेडवर आपली पोरं क्रिकेट खेळत. त्यात पारशी पुढे, त्यांच्या मागोमाग हिंदू आणि मुसलमान. शेजारी गोऱ्या साहेबांचा जिमखाना. साहेब लोक आठवड्यातून काही दिवस संध्याकाळी त्याच मैदानावर पोलो खेळत, आणि घोड्यांच्या टापांनी मैदानाची अशी चाळण होई की दुसऱ्या दिवशी चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नसे. १८८१ मध्ये देशी खेळाडूंनी गव्हर्नरकडे अर्ज केला. साहेबांना स्वतःचं राखीव मैदान आहे, आम्हाला हे एकच, असं त्यांचं म्हणणं. सरकारने पोलो आधी दुसरीकडे हलवला आणि काही काळाने परत आणला.

ही गोष्ट सांगण्याचं कारण असं की मोकळ्या जागेवरची जवळजवळ सगळी भांडणं अजून याच साच्यातली आहेत. वर्षातले काही दिवस मांडव घालणारे आणि रोज खेळणारे. गाडी लावणारे आणि चालणारे. एकाचा वापर दुसऱ्याचा वापर अशक्य करतो का, हे बघावं लागतं. पळणारा माणूस खेळणाऱ्याची जागा खात नाही. पोलोचा घोडा खातो.

आरजी, पीजी आणि आरक्षण

आता कागदाकडे वळू. महापालिका साधारण वीस वर्षांसाठी एक नकाशा करते, त्याला विकास आराखडा म्हणतात. मुंबईचा सध्याचा आराखडा २०३४ पर्यंतचा आहे. त्यात कुठे घरं, कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे मैदान हे रंगांनी दाखवलेलं असतं. एखाद्या जागेवर 'इथे पुढे मैदान होईल' असं लिहिणं म्हणजे आरक्षण. पालिकेच्या बोलीत खेळाच्या मैदानाला 'पीजी' आणि मनोरंजन मैदानाला 'आरजी' म्हणतात. "तो आरजी प्लॉट आहे" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल.

घरात पाहुण्यांसाठी खोली राखून ठेवण्यासारखंच हे आहे. राखून ठेवली याचा अर्थ पलंग, गादी, दिवा आला असा होत नाही. आणि खोली शेजाऱ्याच्या मालकीची असेल, तर आधी ती त्याच्याकडून घ्यावी लागते. नगररचना कायदा १९६६ चा आहे. त्यानुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत सरकारने राखीव खासगी जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीच्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप संपतं. नकाशावर हिरवे दिसणारे कितीतरी तुकडे असेच हातचे गेले.

ओव्हल किंवा आझाद मैदानाला हा धोका नाही. ती आधीपासून सरकारचीच आहेत. तिथे वेगळी भीती असते: मैदान तसंच राहतं आणि कडेने थोडंथोडं कुरतडलं जातं. एक चौकी, एक पंप हाउस, एक तात्पुरतं गोदाम, कामासाठी दोन वर्षं म्हणून घातलेला पत्रा. प्रत्येक गोष्ट एकटीने बघितली तर वाजवीच वाटते.

वारसा यादी म्हणजे आजीची पैठणी

१९९५ मध्ये मुंबईत वारसा इमारतींसाठी नियम आले. देशात असं करणारं हे पहिलं शहर. इमारतींची यादी झाली, तीन श्रेणी ठरल्या, आणि मंजुरीआधी सल्ला द्यायला समिती नेमली गेली.

श्रेणी समजायला आजीची पैठणी घ्या. पहिल्या श्रेणीची पैठणी पेटीत जशीच्या तशी जपायची. फार तर विरलेला धागा जुळवायचा. दुसऱ्या श्रेणीच्या पैठणीला आतून अस्तर लावता येईल, पण वरून ती पैठणीच दिसली पाहिजे. तिसऱ्या श्रेणीच्या पैठणीचं परकर-पोलकं शिवा, हरकत नाही, फक्त काठ हरवू देऊ नका.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही: "नियम करणं सोपं आहे, खर्च कोण देणार?" फोर्टातल्या काळा घोडा चौकाजवळची एस्प्लनेड मॅन्शन बघा. १८६० च्या दशकातली, बिडाच्या सांगाड्यावर उभी केलेली इमारत. तेव्हा ते वॉटसन हॉटेल होतं, आणि ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा इथेच दाखवली गेली. पुढे आत लहान लहान कचेऱ्या झाल्या आणि भाडी जुन्या भाडेनियंत्रण कायद्याखाली गोठली. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात रंगही निघेना, भाडेकरूला वाटे दुरुस्ती मालकाने करावी, आणि इमारत दोघांच्या मधे कुजत राहिली. २००५ मध्ये तिचा भाग कोसळून एक माणूस गेला. वारसा यादीत नाव असणं म्हणजे परवानगीशिवाय पाडायला मनाई. दुरुस्तीचे पैसे त्याबरोबर येत नाहीत. ही उणीव भरून काढायला वारसा इमारतीच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकू देण्याची सोय आहे. तिला टीडीआर म्हणतात. पण जिथे दहा भाडेकरू आणि तीन वारसदार आहेत तिथे मुळात सही कुणाची, इथेच गाडी अडते.

मग युनेस्को काय करतं?

३० जून २०१८ ला ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारती, मरीन ड्राइव्हची रांग आणि मधलं मैदान मिळून जागतिक वारसा यादीत गेलं. एकूण ९४ इमारती. त्याआधी २००४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला हा मान मिळाला होता.

अनेकांची समजूत आहे की आता युनेस्को पैसे देईल आणि युनेस्कोच राखण करील. तसं नसतं. भारत सरकारने जगापुढे दिलेला हा शब्द आहे: आम्ही हे जपू. पाळायची जबाबदारी आपल्याच कायद्यांची आणि आपल्याच कचेऱ्यांची. शब्द मोडला तर युनेस्को फार तर नाव काढून टाकू शकतं. जर्मनीत ड्रेस्डेनमध्ये एल्ब नदीवर नवा पूल बांधायला घेतला म्हणून २००९ मध्ये तिथलं नाव काढलं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या गोदीचं २०२१ मध्ये काढलं. पूल वाईट नव्हता, लोकांना हवाही होता. पण ज्या दृश्यासाठी नाव दिलं होतं तेच बदललं.

उंबरठा किती उंच

काळा घोड्याच्या दोनशे पावलांत सार्वजनिक जागेचे इतके प्रकार आहेत की एका फेरीत सगळा विषय डोळ्यांपुढे उभा राहतो.

जहांगीर कलादालन १९५२ चं. प्रवेश मोफत. भर दुपारी उन्हातून आत शिरलेला कुरियरवाला एखाद्या चित्रापुढे उभा राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. बाहेर फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. त्यांना दालन मिळालेलं नसतं, पण दालनाकडे येणारी माणसं मिळतात. शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं. तिथे तिकीट आहे. पलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, तिथेही तिकीट. डेव्हिड ससून वाचनालय १८७० चं. ते सभासदांचं, पण त्याची दगडी कमान रस्त्यावरच्या प्रत्येकाची.

चाळीत राहिलेल्यांना हे चटकन समजेल. खोली आपली, गॅलरी सगळ्यांची, आणि उंबरठा दोन्हींच्या मधला. आजी उंबरठ्याशी बसली की खोलीतही असते आणि गॅलरीतही. चांगली सांस्कृतिक जागा असा उंबरठा ठेवते. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या हा त्याचा उत्तम नमुना. आतलं ग्रंथालय अभ्यासकांचं, पण पायऱ्यांवर बसून समोरचं हॉर्निमन सर्कल बघायला कुणाची ओळख लागत नाही. ते सर्कलही मुळात उकिरडा झालेलं जुनं हिरवं मैदान होतं. १८७२ पर्यंत त्याची वर्तुळाकार बाग झाली. कडेच्या भूखंडांवर एकसारख्या कमानींच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्या कमानींखालून पावसात भिजल्याशिवाय चालता येऊ लागलं. इमारत खासगी, पण तळमजल्याची पडवी सगळ्यांची. आजचे बिल्डर असा एक फूटसुद्धा सोडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि खुद्द काळा घोडा? राजपुत्र एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १८७९ मध्ये उभारला. १९६५ मध्ये तो राणीच्या बागेत हलवला. घोडा गेला, नाव राहिलं, जागेवर गाड्या उभ्या राहू लागल्या. १९९९ पासून जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत नऊ दिवस इथे कला महोत्सव भरतो आणि तेवढ्यापुरत्या गाड्या हटतात. २०१७ मध्ये नवा घोडा आला, स्वाराशिवायचा. मामींनी त्याच्याकडे बघून "बरं केलं, ओझं उतरलं" म्हटलं.

ते नऊ दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आपसूक प्रश्न पडतो: उरलेले ३५६ दिवस का नाही? गाड्या काढल्या तर धंदा बुडेल, असं दुकानदार म्हणतात. त्यांची काळजी मी हलकी समजत नाही. माल उतरवायला गाडी लागते, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला दारापर्यंत यावं लागतं. त्यासाठी वेळा ठरवून देता येतात. पण या गल्ल्यांत येणारं गिऱ्हाईक मुख्यतः पायी येतं, आणि मेट्रोमुळे ते वाढणार आहे. उभ्या गाडीच्या जागेत चार माणसं चहा पिऊ शकतात. उभी गाडी चहा पीत नाही.

सगळ्यांचं असेल तर कुंपण कशाला?

हा प्रश्न मामींनीही विचारला. कुंपण नसताना ओव्हलवर काय होत होतं हे पाहिलेली माणसं त्याच्या बाजूने बोलतात: कचरा, दारूचे अड्डे, रात्री न जाण्याजोगी जागा. कुंपणामुळे बायकांना संध्याकाळी एकटीने चालता येऊ लागलं, आणि हा लाभ लहान नाही. मी स्वतः तो घेते.

पण कुंपणाला फाटक असतं आणि फाटकाला किल्ली. किल्ली ज्याच्या हातात तो हळूहळू ठरवू लागतो की कोण 'बरं' दिसतं. म्हणूनच मुंबईत मोकळ्या जागा संस्थांना देखभालीसाठी दत्तक देण्याचं धोरण जेव्हा जेव्हा आलं, तेव्हा तेव्हा आरडाओरडा झाला आणि ते अनेकदा अडवलं गेलं. देखभालीसाठी घेतलेल्या मैदानावर क्लब झाला, क्लबाला वर्गणी आली, आणि वस्तीतली पोरं जाळीबाहेरून बघत राहिली, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका उपनगरात माझ्या भाच्याला असंच हाकललं होतं. तिथल्या मैदानाच्या पाटीवर 'सार्वजनिक' लिहिलेलं होतं.

मला स्वतःला कुंपण खटकत नाही, पण काही गोष्टी फाटकावरच ठळक लिहिलेल्या हव्यात: उघडण्याच्या वेळा, मालकाचं नाव, देखभाल करणाऱ्याचं नाव, कराराची मुदत, आणि तक्रार कुठे करायची ते. सहकारी सोसायटीच्या जिन्यात जमाखर्च लावतात ना, तसं.

मोर्चा कुठे न्यायचा

मैदान म्हणजे फक्त खेळ नव्हे. एकेकाळी मंत्रालयावर निघालेले मोर्चे काळा घोड्याशी अडवले जात. पुढे रहिवासी कोर्टात गेले आणि १९९७ पासून दक्षिण मुंबईतली आंदोलनं आझाद मैदानाच्या ठरावीक भागापुरती आली. त्याच मैदानावर क्रिकेटच्या वीसेक खेळपट्ट्या. १९८८ मध्ये शाळकरी तेंडुलकर आणि कांबळीने ६६४ धावांची भागीदारी इथेच केली. एका टोकाला बॅटचा ठोका आणि दुसऱ्या टोकाला घोषणा, हे आझाद मैदानाचं रोजचं रूप.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी चालत आले. शेवटच्या रात्री ते सायनच्या मैदानावर थांबायचे होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना रस्ता मोकळा मिळावा म्हणून ते रात्रीतच चालत निघाले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात येऊन बसले. त्या सकाळी कामावर येणाऱ्या कितीतरी मुंबईकरांनी त्यांना पाणी, बिस्किटं, चपला आणून दिल्या. फाटलेल्या टाचा मी जवळून पाहिल्या. शहराच्या मध्यात एवढी मोकळी जागा नसती तर ती माणसं कुठे बसली असती?

"मोर्च्यांनी कामं खोळंबतात" ही तक्रार खरी आहे. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मैदान पुरलं नाही, गर्दी रस्त्यांवर आली आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. पण आंदोलन शहराबाहेर, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी नेणं म्हणजे तक्रार ऐकणाऱ्याच्या कानात बोळा घालणं. त्यापेक्षा पाणी, शौचालयं, सावली यांची पक्की सोय मैदानालगत करणं अधिक शहाणपणाचं.

"हे सगळं टाउनातल्या श्रीमंतांसाठी"

टाउन म्हणजे दक्षिण मुंबई. हा आक्षेप मला सर्वांत जास्त गांभीर्याने घ्यावासा वाटतो. मुंबईत माणशी मोकळी जागा एका चटईएवढीही भरत नाही, आणि तीही सारखी वाटलेली नाही. गोवंडीच्या मुलाला ओव्हल म्हणजे दुसरा देश. उपनगरांत राखीव मैदानं ताब्यात घ्यायला पैसे नाहीत असं म्हणणाऱ्यांनी फोर्टातल्या शोभेच्या दिव्यांवर खर्च करावा, हे मलाही पटत नाही.

तरी एक गोष्ट लक्षात घ्या. ओव्हलच्या काठी राहणारे थोडे आहेत. ते ओलांडणारे कितीतरी जास्त आहेत, आणि ते विरार, कल्याण, पनवेलहून येतात. आझाद मैदानाच्या खेळपट्ट्यांवर किटबॅग घेऊन पहाटेच्या लोकलने येणारी पोरं टाउनातली नसतात. चर्चगेट आणि सीएसएमटी ही दोन्ही टोकं इथे असल्यामुळे फोर्ट हे साऱ्या महानगराचं सामाईक अंगण झालं आहे. दुपारच्या सुट्टीत क्रॉस मैदानातल्या त्या पोलादी चरख्याजवळ डबा उघडून बसलेली माणसं मोजून बघा. मैदानं कमी पडतात म्हणून आहेत तीही सोडावीत, असा त्याचा अर्थ कसा होईल?

फेरीवाल्यांबद्दलही थोडं. फाउंटनजवळचे फुटपाथवरचे पुस्तकविक्रेते २००५ मध्ये हटवले गेले, नंतर थोडेच परतले. फुटपाथ रुंद झाला असेल, पण तिथे थांबायचं कारण गेलं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात जागा ठरवून द्यायची, परवाना द्यायचा आणि विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसह समिती नेमायची अशी सगळी वाट आखून दिली आहे. चालायला जागा राहील आणि विकायलाही, इतकी मापं टेपने घेता येतात.

आपण काय करू शकतो

प्रत्येक जागेला नगर भूमापनाचा नंबर असतो. शहर भागात त्याला सी.एस. नंबर म्हणतात, उपनगरात सी.टी.एस. तो मिळाला की मालमत्ता पत्रकावर मालक आणि भाडेपट्टा कळतो, आणि पालिकेकडून 'डीपी रिमार्क' काढला की आरक्षण कळतं. आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर नोटीस छापून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. त्यासाठी एक महिना मिळतो. नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, निविदा आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या जाहिरातींमध्ये असते. हरकत साध्या मराठीत, साध्या कागदावर चालते: जागेचा नंबर, तुम्ही ती कशी आणि कधीपासून वापरता, बदलाने नेमकं काय अडेल. 'निसर्ग वाचवा' पेक्षा 'आमच्या शाळेची ६० मुलं दर मंगळवारी इथे कबड्डी खेळतात' हे वाक्य सुनावणीत जास्त टिकतं. पोच घ्यायला विसरू नका, आणि सुनावणीला बोलावलं तर रजा टाकून जा.

मामी परत गेल्यावर त्यांचा फोन आला. गावच्या गायरानाचा उतारा त्यांनी तलाठ्याकडून काढून आणला होता. कडेचे दोन एकर कुणाला तरी भाडेपट्ट्याने दिल्याचं त्यात निघालं. ग्रामसभेत विचारायला त्यांनी चार बायका जमवल्या आहेत आणि पत्राचा मसुदा मी लिहून द्यायचा आहे.